फ्लेक्सवरची मावशी

फोटो मी काढला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी माझ्या तोंडावर फेकायला नको.

मी दीक्षा, डायलिसिस विभागातली सिस्टर. फोटो होता प्रेमलता मावशीचा. आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तेवीस वर्षं पेशंटचं जेवण रांधणारी बाई. कन्हानहून सकाळची पहिली बस धरून यायची आणि सातच्या ठोक्याला तिच्या भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा. नर्सेस डेला आम्ही सगळ्या नटूनथटून केक कापत होतो आणि ही आपली पातेल्यावर वाकलेली. मी ओरडले, "मावशी, इकडं पाहा ना!" तर हातातला डाव तसाच उंच धरून अशी हसली, अशी हसली, की मी पटकन मोबाइल काढला. फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले. झालं, विषय संपला, असं मला वाटलं.

किडनीच्या पेशंटला बटाटा, टमाटर, पालक म्हणजे विषच. त्यातलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि एक दिवस माणसाचं हृदयच थांबवतं. मावशी सातवी शिकलेली, पण जुन्या डॉक्टरांचं ऐकून ऐकून तिनं आपली रीत बसवली होती. भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात दोन तास बुडवायची, ते पाणी फेकायचं, दुसऱ्या पाण्यात उकळायची, तेही फेकायचं. मग लसणाची फोडणी. मीठ जवळपास नाहीच. पेशंट तिला 'धुतलेली भाजी' म्हणायचे आणि नाक मुरडत का होईना, ताट साफ करायचे. आम्हा सिस्टरांसाठी दुपारी भाकर आणि झुणका वेगळा. "उपाशी पोटी सुई टोचसान तं हात थरथरन," असं म्हणून ताट पुढं ढकलायची. कोणी नको म्हटलं तर शिव्या.

तिचा सगळ्यात लाडका पेशंट भैय्याजी. खापा गावचे विणकर, साठीच्या पुढचे, आठवड्यातून दोनदा बसनं यायचे. तीन वर्षांपूर्वी आले तेव्हा जेवणच सोडून बसले होते. हे खायचं नाही, ते प्यायचं नाही, मग जगायचं कशाला, म्हणून. मावशी स्वतः ताट घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसली. "भाऊ, मी देईन ते डोये मिटून खा. तुमाले काही झालं तं मले पकडा." त्या दिवसापासून त्यांनी खरंच डोळे मिटून खाल्लं. त्यांच्या बायकोला, प्रयागबाईला, मावशीनं भाजी धुवायची रीत शिकवली. घरी प्रयागबाई, इथं मावशी. तिसऱ्या कोणाच्या हातचं त्यांनी तीन वर्षांत तोंडात घातलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर स्वयंपाकघर बंद झालं. खर्च परवडत नाही म्हणे. खाली लॉबीत ठेकेदाराचं काउंटर येणार होतं. आमचे व्यवस्थापक मुकुंद सर मावशीला केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन, चहा पाजून म्हणाले, "तुमची जागा पक्की आहे मावशी. काउंटरचा जम बसू द्या, पेशंटचं जेवण तुमच्याच देखरेखीत ठेवू. तोवर चादरींच्या खोलीत बसा." बिचारी खूश होऊन बाहेर आली. मला म्हणते, "सरांनं खुर्ची देल्ली वं मले."

काउंटर सुरू झालं. काय काय होतं म्हणता? समोसा, ब्रेड पकोडा, कपातले नूडल्स, क्रीम रोल, थंड पेयांचा मोठा फ्रीज. भिंतीवर 'मीठ कमी, साखर कमी' असा आमचाच बोर्ड आणि त्याच्याखाली पापडाच्या बरण्या. आम्ही सिस्टर दोन पेशंटांच्या मधल्या पाच मिनिटांत समोसा कोंबून पळू लागलो. चार महिन्यांत माझं वजन सहा किलो वाढलं. पेशंटांसाठी 'पेशंट थाळी'. थाळी कसली डोंबलाची! तीच बटाट्याची भाजी, तीच टमाटर घातलेली डाळ, फक्त लोणचं काढून पांढऱ्या डब्यात भरलेली.

आणि वर फ्लेक्स. 'घरच्यासारखं जेवण'. त्यावर हातात डाव धरून हसणारी प्रेमलता मावशी. मीच काढलेला फोटो, ग्रुपवरून उचललेला. ना तिला विचारलं, ना मला.

खरं सांगू? मावशीला आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ आहे. तिनं फ्लेक्ससमोर उभं राहून माझ्याकडून अजून एक फोटो काढून घेतला आणि घरी नातीला पाठवला. "आता मले खाली बसवतेतच पाह्य," असं ती रोज म्हणायची आणि रोज चादरी मोजायची. एकदाही तिला कोणी काउंटरच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. मला खटकत होतं. पण मी तरी कुठं तोंड उघडलं? सरांशी वाकडं कोण घेणार!

मार्चमध्ये प्रयागबाई मुलीच्या बाळंतपणाला गेली. आमच्याकडून जेवण येणं बंद झाल्यापासून तीच भैय्याजींना डबा बांधून द्यायची. आता घरी रांधायला कोणी नाही. मंगळवारी डायलिसिस झाल्यावर ते लॉबीत आले, वर फोटो पाहिला आणि थाळी घेतली. रात्रीसाठी आणि दुसऱ्या दिवसासाठी दोन डबे बांधूनही नेले. वर काउंटरवाल्यानं आजारी माणसाला चांगलं म्हणून नारळपाणी दिलं. आमच्या पेशंटला पोटॅशियमनं भरलेलं नारळपाणी!

गुरुवारी रिक्षावाल्यानं त्यांना धरून आणलं. पाय उचलत नव्हते, नाडी मंद. रक्त तपासलं तर पोटॅशियम सात पॉइंट दोन. सहाच्या वर गेलं की जिवाला धोका. डॉक्टर धावले, इंजेक्शनं दिली, दुसऱ्या पेशंटला थांबवून मशीन लावलं. साडेतीन तास मी मॉनिटरवरून नजर काढली नाही. वाचले. अगदी थोडक्यात वाचले.

ते जरा शुद्धीवर आले आणि मी भडकले. "भैय्याजी, तीन वर्षं पाळलं आणि आता बटाटा खाल्ला? काहून?"

ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "बटाटा धुतलेला असन ना सिस्टर. बाईचा फोटो हाय ना तिथं."

कपाळ माझं!

मावशीला मीच वर बोलावलं आणि सगळं सांगितलं. भैय्याजींना झोप लागली होती. त्यांच्या पायांवरची चादर तिनं नीट केली आणि सरळ मुकुंद सरांच्या केबिनकडं निघाली. मी मागं.

"सर, माहा फोटो काढा तिथून. आत्ता."

"मावशी, बसा तर खरं."

"नाही बसत. माह्या तोंडाकडं पाहून त्या मानसानं खाल्लं. मरत होता तो."

सर हळू आवाजात म्हणाले, "हे पाहा, फोटो जाहिरातीपुरता आहे. जेवण तुम्ही बनवता असं आम्ही कुठं लिहिलंय? आणि ठेकेदाराशी वर्षाचा करार आहे. असा मधेच फ्लेक्स काढता येत नाही." मग हसले. "तुम्हालाही आवडला होता ना? तुम्ही तर त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला."

तो माणूस हसला, हो! केसानं गळा कापला आणि वर हसला. मावशीचा चेहरा एकदम उतरला. ते खरं होतं.

ती चादरींच्या खोलीत गेली, कापड कापायची मोठी कात्री घेऊन लॉबीत आली, स्टुलावर चढली आणि स्वतःचं तोंड फ्लेक्समधून गोल कापून काढलं. गार्ड 'ओ मावशी, ओ मावशी' करत राहिला. लोक मोबाइल काढून उभे. खाली उतरल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तो फोटो ग्रुपवर मी टाकला होता, त्यांनी तिथूनच घेतला.

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "आज माह्याशी बोलू नोको, दीक्षा."

संध्याकाळी तिला मेमो मिळाला. फ्लेक्सवर दुसऱ्या दिवशी हसणाऱ्या भेंडीचं चित्र आलं. थाळी तीच.

पुढच्या मंगळवारी मावशी डबा घेऊन आली. पहाटे उठून दुधी चिरला होता, दोन तास भिजवला होता, दोनदा पाणी फेकलं होतं. मुगाच्या डाळीचं पातळ वरण, दोन पोळ्या. आमच्या विभागात आली तेव्हा भैय्याजी मशीनवर होते. प्रयागबाई खबर ऐकून मुलीकडून धावत परतली होती आणि खाटेजवळ बसली होती.

मावशीनं डबा उघडून समोर धरला. "भाऊ, घरून आनलं. मी सोता धुतलं."

भैय्याजींनी डोळे मिटून घेतले. प्रयागबाईनंच उत्तर दिलं, तेही अगदी गोड आवाजात. "राहू द्या बाई. कायले तरास घेता? मी आनला हाय डबा."

"दोन घास खा भाऊ. मी काही मिसळलं नाही त्याच्यात. तीन वर्षं खाल्लं ना तुमी माह्या हातचं?"

भैय्याजींनी डोळे उघडले. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मावशीनंही तो सहन केला असता. पण ते घाबरलेले होते. तिच्या हातातल्या डब्याकडं पाहून तो माणूस घाबरला होता.

"बाई, तुमच्यावर राग नाही माहा," ते म्हणाले. "पन तिथंबी तुमीच हासून राहिल्या होत्या ना."

मावशीनं झाकण लावलं. पहिल्यांदा ते नीट बसलं नाही, म्हणून तिनं परत लावलं.