शाईला घाई नको

"शाईला घाई नको."

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकलं. म्हणणारे गृहस्थ, आम्हा सगळ्यांचे काका, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मी सोसायटीचा खजिनदार. सभेचं इतिवृत्त लिहायला बसलो की ते माझ्या हातातलं पेन काढून घ्यायचे आणि स्वतःच्या कानावरची शिसपेन्सिल द्यायचे. "आधी हिनं लिहा, खजिनदार. चूक निघाली तर खोडता येते."

असा माणूस तुमच्याही इमारतीत असेल, तर तो किती छळतो हे तुम्हाला सांगायला नको. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवर त्यांनी पाहुण्यांची नावं पेन्सिलीनं घातली होती. काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आपल्या लग्नाच्या कागदावर तरी शाईनं सही केलीत ना हो? का मी अजून कच्चीच?" काका हसले, पण पत्रिका बदलल्या नाहीत.

बुलढाण्याकडच्या एका खेड्यातून ते मुंबईत आले होते. बापाला दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदावर अंगठा उमटवताना पाहिलेला मुलगा. नगर भूमापन कार्यालयात नोकरी लागली आणि जमिनीच्या प्रॉपर्टी कार्डांवर मालकांची नावं चढवण्याचं काम हाती आलं. तिथला रिवाजच होता : अर्ज आला की कार्डावर पेन्सिलीनं नोंद करायची, वारसांना नोटिसा पाठवायच्या, सगळं जुळलं आणि साहेबांनी मंजुरी दिली की मगच त्यावर शाई फिरवायची. बाकीचे या दोन्हींत आठवडाभराचं अंतर ठेवत. काका कधी वर्षाचंही ठेवत. चहापाणी त्यांनी कधी घेतलं नाही, म्हणून त्यांना घाईही नव्हती.

पुढे कार्डं संगणकावर चढवायचं काम निघालं. एका हॉलमध्ये कंत्राटदाराची मुलं टंकायला बसली आणि तपासणीला काका. दिवसाला साठ कार्डं. हुकूम स्पष्ट होता : शाईत असेल आणि खाली सही असेल तेवढंच घ्यायचं. निवृत्तीच्या दिवशी ते मला म्हणाले, "खजिनदार, आता कुणाला खेटे नकोत. घरबसल्या कार्ड मिळेल." एवढे खूश मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत.

तीन वर्षांनी नाहूरहून सुमनताई त्यांचं दार शोधत आल्या. मूळच्या मालवणच्या, नवरा वारलेला, पोळ्या लाटून पोट भरणाऱ्या. सासऱ्यांच्या नावावरच्या जुन्या जागेत त्यांची एक खोली होती, एकशे ऐंशी चौरस फूट. सासऱ्यांच्या मागे वारस तीन : दोन दीर आणि नवऱ्याच्या जागी ह्या. दिरांची नावं कार्डावर आधीच चढली होती, ह्यांचा अर्ज वेगळा होता. आता दोघे दीर बिल्डरला जागा देत होते आणि बिल्डरचा माणूस सांगून गेला होता की कार्डावर नाव नाही त्याला घर नाही.

त्यांनी छापील कार्ड काकांपुढे ठेवलं. "साहेब, अर्ज तुमीच घेतलो होतास. माजा नाव खंय गेला?"

काकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. खाली तपासणाऱ्याची सही होती. त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कार्यालयात गेलो. ओळखीच्या शिपायानं अभिलेख कक्षातून मूळ कार्ड काढलं. काकांनी ते खिडकीशी धरून तिरकं केलं. फिकट राखाडी अक्षरांत सुमनताईंचं नाव होतं. नोंदीचा नंबरही होता. टेबलावरच्या मुलीनं ते वाचलं आणि संगणकाकडे बोट केलं. "काका, मला दिसतंय ना. पण सिस्टीमला पेन्सिल कळत नाही. सुनावणी लावा."

सुनावणीच्या दिवशी सुमनताईंचे वकील बाहेरच्या टपरीवर म्हणाले, "काका, एकच वाक्य बोला. नोंद मंजूर झाली होती, शाई फिरवायची राहिली. बस. काम झकास."

"पण मंजूर कुठं झाली होती? धाकट्या दिराची नोटीस मालाडहून परत आली होती, घर बंद म्हणून. ती पुन्हा पाठवायची होती. तेवढ्यात मला संगणकाच्या कामावर नेलं."

"यार काका, हे तुमच्याशिवाय कुणाला माहितीये?"

"मला माहितीये ना."

वकील सुमनताईंना बाजूला घेऊन गेले. काका माझ्याकडे वळले. "खजिनदार, काय करू?"

मी म्हणालो, "खरं तेच सांगा." सोसायटीच्या ऑडिटला जे सांगतो तेच सांगितलं. मोडणार होती ती खोली माझी नव्हती.

आत त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. अर्ज कधी आला, नोटीस कधी परत आली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे नोंद प्रमाणित झालेली नव्हती?" काका म्हणाले, "नव्हती. पण बाई वारस आहेत, साहेब. त्यात काही खोटं नाही. उशीर माझा आहे." टंकलेखकानं पहिला शब्द टिपला. पुढचं टिपलं की नाही, मला दिसलं नाही.

निकाल दीड पानाचा आला. अर्ज फेटाळला होता. कारण एकच : संबंधित कर्मचाऱ्याच्या जबाबावरूनच नोंद अप्रमाणित असल्याचे स्पष्ट होते. वारसा सिद्ध करायचा तर दिवाणी कोर्टात जावं. वकिलांनी सुमनताईंना सांगितलं, "सात-आठ वर्षं धरून चाला." खोली रिकामी करायला दोन महिने होते.

काका त्यांची माफी मागायला नाहूरला गेले, मला घेऊन. सुमनताई पोळ्या लाटत होत्या. थांबल्या नाहीत. "बसा. तुमका खोटा बोलूक येना नाय, तेका तुमी तरी काय करतलास? पण साहेब, तेव्हा वेळेर लिवला असतास, तर खऱ्याचो उपेग झालो असतो." काकांनी पुढ्यातला चहा संपवला.

पुढच्या वार्षिक सभेला आले तेव्हा कान मोकळा होता. मी इतिवृत्त थेट पेनानं लिहीत होतो आणि ते पाहत होते. मी मुद्दाम एक आकडा चुकवला. त्यांनी टोकलं नाही. चार महिन्यांनी, दुपारी जेवता जेवता गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सुमनताई आल्या, मागच्या खुर्चीवर बसून राहिल्या, न जेवता गेल्या.

बिल्डरच्या वकिलाला मात्र धास्ती होती, उद्या ही बाई कोर्टात गेली तर? म्हणून त्यानं दिरांमार्फत सुमनताईंचं हक्कसोड पत्र मागितलं. मुलुंडच्या निबंधक कार्यालयात ते झालं. हजर : दोघे दीर, सुमनताई, बिल्डरचा माणूस, आणि साक्षीदार म्हणून मी. ठरलेले सात लाख सुमनताईंना डिमांड ड्राफ्टनं मिळाले. त्यातले दोन लाख त्यांनी मानखुर्दच्या भाड्याच्या खोलीच्या थकलेल्या अनामतीपोटी घरमालकाला दिले.

हक्कसोडीची नोंद अकराव्या दिवशी कार्डावर चढली. मी घरबसल्या उतारा काढून पाहिला. सुमनताईंचं पूर्ण नाव, एकही चूक नाही. पुढे लिहिलं होतं : हक्क सोडणार.