जमिनीवरचे एकोणीस दिवस

कोंबड्यांना माणसाचं तोंड ओळखू येतं की नाही कोण जाणे, पण कपड्याचा रंग मात्र बरोब्बर कळतो; नेहमीचा सोडून दुसरा दिसला की बिथरतात. अंड्यांच्या त्या फार्मवर ही गोष्ट मामांइतकी कोणालाच पक्की ठाऊक नव्हती. एकतीस वर्षं ते रोज सकाळी दाराजवळच्या खिळ्यावरचा निळा डगला अंगात चढवायचे, दारावर दोनदा टकटक करायचे आणि मगच शेडमध्ये पाऊल टाकायचे. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी त्यांचा धडा एकच. "डगला न घालता आत गेलास तर गाठ माझ्याशी आहे." मामा खरं तर कोणाचेच मामा नव्हते. बायको लवकर गेली, एकुलती एक लेक त्यांनी वाढवली, आणि ती आता घरीच शिवणकाम करायची. फार्मवर सगळे मामा म्हणत, म्हणून ते मामा.

शेडमध्ये तारेच्या पिंजऱ्यांच्या तीन मजली रांगा. एका पिंजऱ्यात चार कोंबड्या, म्हणजे एकीला वळायचं तर तिघींनी सरकायचं. पायाखाली जाळी, तीही उतरती, अंडं आपलं आपण घरंगळत पुढे यावं म्हणून. माणसाची सोय बघा केवढी! कोंबडीची सोय तेवढी कोणाच्या डोक्यात आली नाही. मामांच्या मनाला सगळ्यात लागायचं ते वेगळंच. अधूनमधून एखादी त्या उघड्या जाळीवरच आडवी व्हायची, पंख फुलवायची, पाय झाडायची. मातीत लोळायचं असतं ना त्यांना! इथे माती कुठली? जन्मात बघितलेली नाही, तरी बाईसाहेबांची अंघोळ चालूच. मामा तिथून नजर चुकवून पुढे सरकायचे.

नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं तेव्हा त्यांनी एकदाचं मालकीणबाईंपुढे तोंड उघडलं. बाई त्यांच्या लेकीच्याच वयाच्या, वडिलांच्या मागे फार्म सांभाळणाऱ्या.

"बाई, चार नंबरची शेड लहान आहे. पाचशेच कोंबड्या आहेत. पिंजऱ्यातून काढून जमिनीवर सोडू या. मागचं दार उघडलं की कुंपण घातलेलं अंगण आहेच."

"मामा, ते दिसतं तितकं साधं नाही. मोकळ्या सोडल्या की एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात, रोग पसरतो. पिंजऱ्यात निदान जगतात तरी."

"जगतात कसल्या, बाई? नुसत्या उभ्या असतात."

बाईंनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "महिनाभर बघू. पण मरायला लागल्या, तर उरलेल्या परत पिंजऱ्यात. तेव्हा मात्र माझ्याशी वाद घालायचा नाही."

मामांनी शब्द दिला.

पिंजरे शेजारच्या गोदामात गेले. जमिनीवर भुसा पसरला आणि मामांनी एकेक कोंबडी स्वतःच्या हातांनी खाली ठेवली. आता या धूम ठोकतील, म्हणून ते हसत बाजूला झाले. कसलं काय! चार-चारच्या घोळक्यात त्या होत्या तिथेच उभ्या. मधे तार नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकीने भुसा उकरून पाहिला. सहाव्या दिवशी एक तांबडी मागच्या दाराचा उंबरा ओलांडून अंगणात उतरली. भारी नाक खुपसणारी होती, मामांनी तिचं नाव 'भोचक' ठेवलं होतं. कोरड्या मातीत ती धपकन आडवी झाली आणि अशी लोळली, अशी लोळली की तिचं डोकं कुठे नि शेपूट कुठे कळेना.

"अगं, काय अंघोळ केली म्हणून सांगू!" घरी ते लेकीला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

"बाबा, मी पास झाले तेव्हासुद्धा तुम्ही एवढे खूश नव्हतात," ती म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी बाई दोन पाहुणे घेऊन येणार होत्या, मोठे दुकानदार. त्यांना पसंत पडलं तर बाकीच्या शेडही हळूहळू मोकळ्या करायच्या, असं बाई स्वतः म्हणाल्या होत्या. लेकीने चार दिवस खपून बाबांना पांढराशुभ्र शर्ट शिवला, कडक इस्त्री केली. "पाहुण्यांसमोर तो कळकट डगला घालून मिरवू नका हं."

मामा खिळ्यापाशी आले. डगल्याला हात लावला. बाहीवर विष्ठेचे डाग होते, वास मारत होता. शर्टाची इस्त्री मोडली असती. लेकीने एवढ्या हौसेने शिवला होता. आजचा एक दिवस, त्यांनी मनाशी म्हटलं. आणि आपल्याला आता त्या ओळखतात की! त्यांनी दारावर दोनदा टकटक केली आणि आत गेले.

पाचशे कोंबड्या एकदम किंचाळल्या. पिंजऱ्यात अशी भीती मामांनी पूर्वी पाहिली होती. जागच्या जागी फडफडाट व्हायचा आणि संपायचा, कारण तार मधे यायची. इथे तार नव्हती. सगळ्या लोंढ्याने पलीकडच्या कोपऱ्यात धावल्या, एकीवर एक चढल्या. मामा त्यांना सोडवायला धावले, आणि तो पांढरा शर्ट अंगावर येताना पाहून मागच्याही ढिगात घुसल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शर्ट ओरबाडून त्यांनी दाराबाहेर फेकला आणि उघड्या अंगाने वरून एकेक उचलू लागले. वरच्या धडपडत होत्या. खालच्या गप्प होत्या, ऊबदार होत्या आणि मेलेल्या होत्या. जखम नाही, रक्त नाही. दीडशेच्या आसपास गुदमरून गेल्या. भोचक वाचली, कारण ती कधीचीच अंगणात होती.

पाहुणे दारातूनच परतले. बाई रागावल्या असत्या तर मामांना सोसलं असतं. पण बाईंनी खुर्ची आणली, पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला.

"बाई, चूक मोकळं सोडण्याची नाही. चूक माझी आहे. डगला नाही घातला मी."

"मला ठाऊक आहे, मामा. पण दुसऱ्यांना शिकवता शिकवता तुमच्याच हातून झाली ना? उद्या आणखी कोणाच्या हातून होईल. हीच चूक पिंजऱ्यात झाली असती तर एकही मेली नसती."

मामांनी ग्लास खाली ठेवला. वाद घालायचा नाही असा शब्द दिला होता.

पिंजरे परत आले. उरलेल्या आपणच भरणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असं मामांनी ठणकावून सांगितलं. निळा डगला घालून ते आत गेले आणि कोंबड्या आपणहून त्यांच्या पायांशी आल्या, बुटांच्या नाड्या ओढू लागल्या. त्यांना धरायला जराही त्रास झाला नाही. मामांना रडू आवरेना.

घरी लेकीने विचारलं, "शर्ट आवडला का सगळ्यांना?"

"छान बसला गं," ते म्हणाले आणि तोंड धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक करून ते आत आले. मधल्या रांगेत भोचक जाळीवर आडवी पडली होती, पंख फुलवून पाय झाडत होती. या वेळी मामांना नजर चुकवता आली नाही. माती काय असते हे तिला त्यांनीच दाखवलं होतं.

ते अंगणात गेले, मूठभर कोरडी माती आणली आणि तारेतून तिच्या अंगावर सोडली. माती जाळीतून खाली गळून गेली. चार कण तेवढे तिच्या पाठीवर राहिले. भोचक क्षणभर थांबली आणि मग दुप्पट जोराने लोळायला लागली.

मामा दुसरी मूठ आणायला पुन्हा अंगणात गेले.