बिनसाखरेचा नैवेद्य

देव आहे की नाही या वादात मी कधी पडलो नाही. आमच्या घरी ते खातं सुमनकडे. पण गेल्या वर्षी सकाळी उठायचं कशासाठी, हेच मला कळेनासं झालं. निवृत्त झालो होतो, डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट, गुणी बायको, सगळं ठीक. तरी छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. ठाण्याच्या डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागायला लागली, रडू कमी झालं. पण आंघोळीचा पत्ता नाही. सुमन शाळेत शिकवायला गेली की मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

अशात वरच्या मजल्यावरच्या काकू ताम्हन घेऊन दारात उभ्या. ऐंशीला टेकलेल्या, पण जिभेला धार. नातीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाल्या होत्या. ताम्हनात पितळी रांगता बाळकृष्ण. "रोज आंघोळ, तुळस आणि दुधाचा नैवेद्य. आणि हे बघ, तूच करायचंस. सुमनला शाळा आहे." मी म्हटलं, "काकू, मला जमायचं नाही." त्या म्हणाल्या, "उपाशी मेला तर मला कळव." आणि चालू लागल्या!

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पडूनच होतो. तो मात्र समोरच्या कपाटावरून हात पुढे करून बघत होता. अहो, कुणाचं तरी पोर आपल्या भरवशावर ठेवलंय आणि आपण लोळतोय! शेवटी चिडून उठलो. पण पारोशा अंगाने देवाला हात कसा लावणार? म्हणजे आधी माझी आंघोळ आली. मग तुळस हवी. आमच्या कुंडीतली केव्हाच वाळलेली, म्हणून देवळाजवळच्या फूलवालीकडे जाणं आलं. ती रोज आंबिवलीहून यायची. एकदा मला उशीर झाला, तर भर रस्त्यात ओरडली, "काय दादा, देवाला दुपारची आंघोळ घालता का?" मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. कुणीतरी माझी वाट बघत होतं.

एके सकाळी दूध नासलं. गोळी घेऊन केलेला काळा चहा तेवढा हातात होता. बाहेर जायचं त्राण नव्हतं, म्हणून तोच वाटीत ओतून ठेवला आणि हात जोडले. नंतर मन खायला लागलं. संध्याकाळी काकूंना फोन करून कबूल केलं. त्या म्हणाल्या, "अरे, तुला डायबिटीस. चहा बिनसाखरेचाच असणार. माझ्या लोणीखाऊ पोराला कडू चहा पाजलास मेल्या?" आणि मी हसलो. खो खो हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुमन स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच धावत आली आणि दारातच तोंडाला पदर लावून उभी राहिली. माझं हसणं तिनं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

काकू परत आल्या. देव गेला की मी पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, ही भीती. ताम्हन परत देताना सहज विचारलं, "काकू, एरवी गावाला जाताना देव कुणाकडे ठेवता?"

"कुणाकडे कशाला? डब्यात, तांदळात. मग रोजची पूजा नसली तरी चालते."

"मग यंदा?"

"तुझी बायको जिन्यात बसून रडताना दिसली," काकू म्हणाल्या. "म्हटलं, यंदा याला तांदळात आराम नको. जरा कामाला लावू."

मी काकूंच्या पाया पडलो. मग त्याच्या.

दुसऱ्या दिवशी घरात बाळकृष्ण नव्हता आणि उठवतही नव्हतं. म्हटलं, बाबा रे, अख्खा दिवस काही मला पेलायचा नाही. मी आंघोळ करतो, पुढचं तुझं तू बघ. आंघोळ झाली, पाय आपोआप फूलवालीकडे गेले, तिथून काकूंच्या दारात. त्यांनी दार उघडून सरळ ताम्हन हातात दिलं. तेव्हापासून तिकडची पूजा माझ्याकडे आहे. गोळ्या चालू आहेत, वाईट दिवसही येतात. त्या दिवशीही मी तेवढंच म्हणतो आणि बादली भरायला घेतो.

रोज दूध. रविवारी मात्र आमचा दोघांचा चहा असतो. माझा कडू, त्याचा दोन चमचे साखर घालून.