भाषणानंतरचं लग्न

माझ्याकडे कॅसेटवर चालणारा एक जुना हँडीकॅम आहे. घरच्यांच्या मते तो केव्हाच भंगारात जायला हवा होता. पण जुनं झालं म्हणून टाकायचं ठरवलं तर माझी निम्मी पुस्तकंही जातील, म्हणून मी तो पुस्तकांच्याच कपाटात ठेवला. घोलवडला समुद्राची दमट हवा पुस्तकं आणि यंत्रं सारख्याच आवडीने खाते. त्यामुळे त्या कपाटात दिवसभर एक बल्ब जळत असतो. विजेच्या बिलावरून मला अधूनमधून टोमणे मिळतात.

गेल्या हिवाळ्यात या कॅमेऱ्याला काम मिळालं. शेजारच्या वाडीत चिकू उतरवायला येणारा एक ओळखीचा माणूस बायकोला घेऊन आला. दोघं वेवजीजवळच्या पाड्यावरची. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक छोटी कॅसेट होती.

"काका, ही तुमच्याकडे लागंल असं ऐकलं," तो म्हणाला. "भाताच्या कणगीत ठेवली होती. ओल नाय लागलेली."

कॅसेट त्याच्या भावाच्या लग्नाची होती. त्यांच्याकडे लग्न लावते ती धवलेरी. भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून ती देवांना एकेक करून गाण्यात बोलावते, लग्न लावते आणि शेवटी गाण्यातच त्यांना परत पाठवते. त्याची आई पाड्याची धवलेरी होती. ती मागच्या वर्षी गेली. आता येत्या रविवारचं लग्न सुनेने, म्हणजे त्याच्या बायकोने, लावायचं ठरलं होतं.

"सासूबरोबर इतकी वर्षं गायलीस, तुला सगळं येत असेल," मी म्हणालो.

"बोलवायचं येतं," ती म्हणाली. "पाठवायचं नाय येत. शेवटचं गाणं लागलं की पंगत बसायची. मी पाड्याची सून. डाळीची बादली घेऊन उठायची ती मीच."

"देव येऊन बसतील आणि ही त्यांच्या तोंडाकडं बघत राहील," नवरा म्हणाला. "मग ते आमच्याकडंच राहायचे. आधीच घरात जागा नाय."

ती हसली नाही. तिच्यासाठी हा विनोद नव्हता.

लग्नाची डीव्हीडी त्यांच्याकडे होती. पण तलासरीच्या फोटोग्राफरने त्या काळच्या रीतीप्रमाणे सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली होती. सासूचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता कुठल्यातरी नटीच्या प्रेमाचा. खरा आवाज असलाच तर या मूळ कॅसेटवर. दुकान बंद करताना फोटोग्राफरने ती परत दिली होती. मी लेबल पाहिलं. 'लग्न' खोडून त्यावर 'उद्घाटन' असं लिहिलेलं होतं.

मी त्यांना ते वाचून दाखवलं. डीव्हीडी झाल्यावर त्याने तीच कॅसेट दुसऱ्या कामाला वापरली होती. जेवढं उद्घाटन, तेवढं लग्न पुसलेलं.

"केवढं असंल?" तिने विचारलं.

"ते उद्घाटनाचा पाहुणा किती बोलला त्यावर अवलंबून."

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली आणला, कारण कॅमेऱ्याची केबल फक्त त्यालाच बसते. अशी कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला जितकं चित्रण तितकाच वेळ लागतो. कॅमेऱ्यात ती चालू द्यायची, आणि पडद्यावर दिसेल ते कॉम्प्युटर साठवत जातो. पुढे पळवली तर जुनी फीत तुटण्याची भीती. म्हणून सुरुवातीपासून, एका दमात घ्यायचं ठरलं. तिघं पडद्यासमोर बसलो.

उद्घाटन एका बसथांब्याचं होतं. थांब्यात चार माणसं मावतील आणि व्यासपीठावर त्याच्या तिप्पट बसलेली. शाल झाली. श्रीफळ झालं. ज्यांनी शाल दिली त्यांनाही कोणीतरी शाल दिली. मग प्रमुख पाहुणे उठले आणि म्हणाले, "मी आपला फार वेळ घेणार नाही."

"घेतोय ना पण," नवरा म्हणाला. "आमच्या लग्नातला घेतोय."

पाहुणे बोलत राहिले. बसथांब्यावरून ते देशावर गेले, देशावरून स्वतःच्या बालपणावर. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण ज्याचं प्रत्येक वाक्य एका गाण्याची ओळ खात आहे असं भाषण पहिल्यांदाच ऐकत होतो. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"काका, थोडं पुढं ढकला."

"नको, ताई. तुटली तर तुझ्या सासूबरोबर हे पाहुणेही अमर व्हायचे राहतील."

आभाराला एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. कागदाची जाडी पाहून माझं अवसान गळालं. तेवढ्यात पडदा निळा झाला. फोटोग्राफरलाही कंटाळा येत असावा.

निळ्यातून खरखर आली, चौकोन चौकोन उडाले आणि एकदम मांडव दिसला. चौकाशेजारी म्हातारी बसली होती. आवाज चिरका, पण तिचा.

"आयेचा," नवरा हळू म्हणाला.

"बोलवणं संपलंय," ती म्हणाली. "हे मधलं हाय. येतं मला." पाहुण्यांनी तिला येत होतं तेवढंच खाल्लं होतं.

मग म्हातारीने सूर बदलला. मांडवात कोणीतरी ओरडलं, पंगत बसली म्हणून. म्हातारीच्या मागे बसलेली एक किरकोळ पोर उठली, पदर खोचला आणि चौकटीबाहेर गेली. गाणं चालूच राहिलं.

"ती मी," पडद्यासमोरची बाई म्हणाली, आणि खुर्ची आणखी पुढे ओढून बसली.

मधे दोन ठिकाणी चौकोन उडून शब्द तुटले. बाकी सगळं कॉम्प्युटरमध्ये आलं. मी उद्घाटन कापून टाकलं आणि नुसतं शेवटचं गाणं वेगळं करून तिच्या मोबाईलमध्ये घातलं. बसची वेळ होईपर्यंत ती ओसरीवर बसून तेच लावत होती. आधी नुसती ऐकत होती, मग मागून गायला लागली, मग बरोबर.

रविवारनंतर मी फोन केला.

"देव गेले का?"

"गेले. तुटलं होतं तिथं माझं घातलं. चाललं त्यांना."

"आणि पंगत?"

फोन नवऱ्याने घेतला. "पंगत मी वाढली. डाळ सांडली. म्हाताऱ्या हसत होत्या." मागून ती काहीतरी म्हणाली. "ती म्हणते, पुढच्या लग्नाला पण बादली मीच धरायची. आता गाणं येतंय, आता उठायची नाय ती."