मेल्यावर वाचायची पुस्तकं

गेम खेळणाऱ्यांकडं इतके किस्से कसे साठतात, असं आमच्या शाळेतल्या बाई मला नेहमी विचारतात. सोपं आहे. आमच्यात जो आधी मरतो, त्याला पुढं काही कामच नसतं! बाकीचे तिघं बेटावर बंदुका घेऊन पळत असतात आणि मेलेला माणूस आपल्या घरी पंख्याखाली बसून नुसता बोलत असतो. गेल्या उन्हाळ्यात तर बोलायला पुस्तकं मिळाली, मग काय विचारता!

आमची टीम चौघांची. मी रोहिणी, तासगावात शाळेत शिकवते. केतकी वाईची, एम.ए. करतेय. संदीपचं वडूजला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. आणि चौथे सुभेदार, म्हणजे खरेखुरे, फौजेतून रिटायर होऊन आता कवठे महांकाळजवळ शेती करणारे. मे महिन्यात दुपारी दोन ते चार आमच्याकडं बाहेर पाऊल टाकवत नाही. तेवढ्या वेळात आम्ही पॅराशूटनं बेटावर उतरतो.

*

सुरुवात झाली ती एका आवाजानं.

केतकी नेहमीप्रमाणं पहिल्या पाच मिनिटांत मेली आणि गप्प बसली. आम्ही तिघं एका पडक्या घरात लपलो होतो. इतक्यात संदीप कुजबुजला, "कोण तरी हाय गवतात. सरसर ऐकू येतंय."

आम्ही श्वास रोखला. पुन्हा सरसर!

संदीपनं खिडकीतून बॉम्ब टाकला. दुसरा टाकला. त्या आवाजानं खरे शत्रू तीन बाजूंनी धावून आले आणि आम्ही सगळे खलास.

मग माईकवर केतकीचा बारीक आवाज आला, "अरे, मी पान उलटत होते."

 सुभेदारांनी एवढंच विचारलं, "कसलं पुस्तक?"

तिनं सांगितलं. एवढं रंगवून सांगितलं, की पुढची मॅच सुरूच झाली नाही. त्या दिवशी नियम ठरला : जो आधी मरेल, त्यानं आपल्या आवडीच्या पुस्तकाची गोष्ट सांगायची.

*

नियमाचा परिणाम असा झाला, की सुभेदारांचा खेळ बिघडला.

हा माणूस आमच्यात सगळ्यात शेवटपर्यंत टिकायचा. कव्हर सोडायचा नाही, उगीच गोळी झाडायचा नाही. आणि एका दुपारी गेम सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत, तोवर सुभेदार चार मजली इमारतीच्या गच्चीवरून सरळ खाली!

"सुभेदार, मुद्दाम उडी मारलीत?"

"आरं पाय घसरला."

"आवं, तुमचा पाय कधी घसरलाय?" संदीप म्हणाला.

"बरं ते ऱ्हाऊ दे. काल एक कादंबरी संपवली. लय भारी हाय. ऐका..."

*

संदीपनं दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. केतकीनं त्याला एक रहस्यकथा सुचवली, तर त्यानं नव्या गेमची करावी तशी चौकशी केली.

"किती तासाची हाय?"

"तू किती भरभर वाचतोस त्यावर आहे."

"मधी सेव्ह करता येतं का?"

"पान दुमड!"

दोन दिवसांनी तो खुशीत म्हणाला, "झाली. खुनी डॉक्टर." त्यानं थेट शेवटचं प्रकरण वाचलं होतं. केतकी एवढी चिडली, की त्या मॅचमध्ये तिनं त्याला मलमपट्टीसुद्धा दिली नाही.

पण मजा पुढंच आहे. डॉक्टरनं खून का केला, हे संदीपला कळेना. म्हणून त्यानं त्याच्या आधीचं प्रकरण वाचलं. मग त्याच्या आधीचं. असं करत करत तो आठवड्यानं पहिल्या पानावर पोचला आणि आम्हाला म्हणाला, "सुरुवात काय जबरदस्त केलीय राव! असा शेवट मी बघितला न्हाई!"

*

वडूजला पुस्तकं पाठवायची तर एसटीशिवाय सोय नाही. ओळखीच्या एका कंडक्टरकडं मी कागदात बांधून एक कादंबरी दिली. संध्याकाळी संदीपच्या हातात पडायला हवी होती. त्या दिवशी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पडली, पण बांधलेला कागद वेगळाच!

पुढच्या आठवड्यात मी स्टँडवर गेले. म्हटलं, आता याला चांगलं खडसावते. तर मला बघून कंडक्टरच पुढं आला. "मॅडम, ह्यातला मामा लय हलकट निघाला बघा!"

 मी दुसरं पुस्तक त्याच्या हातात दिलं.

*

सुभेदार हेडफोन लावत नाहीत. फोन स्पीकरवर टाकून खेळतात. त्यामुळं त्यांच्या घरात जे बोललं जातं ते आम्हाला ऐकू येतं. आणि गेममध्ये जवळपास लपलेल्या शत्रूलाही आमचं ऐकू जातं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

त्या दुपारी आम्ही तिघं मेलो होतो. सुभेदार एकटे एका दगडामागं, आणि समोर कुठंतरी शेवटचा एक शत्रू. केतकी एका हरवलेल्या पत्राची गोष्ट सांगत होती. पत्र चुकीच्या घरात पडतं, तिथली म्हातारी ते उशीखाली ठेवते... आणि इथं केतकी पाणी प्यायला थांबली.

"मग? ती म्हातारी पत्र देती का न्हाई?"

आवाज अनोळखी होता. आम्ही सगळे दचकलो.

"कोण बोलतंय?" केतकीनं विचारलं.

"मी झाडामागं हाय."

सुभेदारांनी बंदूक खाली केली. "केतकी, सांग त्याला पुढचं. मी काय गोळी घालत न्हाई."

तिनं सांगितलं. गोष्ट संपेपर्यंत बेटावरचं विषारी धुकं आत आलं आणि दोघंही ऐकता ऐकता जागच्या जागी मेले.

*

मी सुभेदारांनाही पुस्तकं पाठवायचे. त्यांच्याकडून परत आलेल्या पुस्तकांत मला पेन्सिलीच्या खुणा दिसायला लागल्या. अक्षर बारीक, जरा तिरकं. एका ठिकाणी लिहिलेलं, "एवढ्या दुधात बासुंदी होत न्हाई." एका नायिकेला लेखकानं भित्री म्हटलं होतं, तर शेजारी, "भित्री न्हाई, दमलीय."

मी त्या एका वाक्यावर बराच वेळ थांबले. फौजेतल्या माणसाला हे कुठून सुचलं?

"सुभेदार, पुस्तकात तुम्ही लिहिता का?"

"छ्या! माझ्याकडं पेन्शीलच न्हाई."

मागून बाईचा आवाज आला, "आवं, माझी हाय म्हणून सांगा की!"

त्या सुभेदारांच्या पत्नी, आमच्या काकी. महिनाभर कुरडया घालता घालता, शेवया करता करता आमच्या सगळ्या गोष्टी ऐकत होत्या, आणि सुभेदारांच्या आधी पुस्तकं वाचून काढत होत्या!

*

जून उजाडताना सांगलीच्या रद्दीवाल्याकडं मला कव्हर नसलेली एक कादंबरी मिळाली. एक नर्स आपल्या घर सोडून गेलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरते. शेवटी डोंगरातल्या एका घराशी येते, कडी वाजवते, आतून पावलं ऐकू येतात, आणि... पुढची पानंच नाहीत!

मी हे कुणाला सांगितलं नाही. मला एकटीलाच का त्रास? पुस्तक तसंच सगळ्यांकडं फिरवलं. एकेकाचा फोन येत गेला. केतकी जवळजवळ रडली. संदीपला तर पहिल्यांदाच कळलं, की शेवटापासून वाचायला शेवट असावा लागतो.

मग ठरलं, प्रत्येकानं आपला शेवट करायचा. संदीप म्हणाला, दार उघडतो तो गावचा गुंड, आणि तिथं मोठी फाईट. केतकी म्हणाली, घर रिकामंच, पावलं तिच्या मनातली. सुभेदार म्हणाले, "एकटी गेलीच का? बॅकअप पायजे हुता." काकींनी वहीत लिहून आणलं होतं. त्यांनी वाचलं :

"भाऊ दार उघडतो. ती काय बोलत न्हाई. आधी पाणी मागती. तांब्या रिकामा करती. मग त्याला एक मुस्काडात देती आणि म्हणती, चल घरी."

 सुभेदारांनी माईक बंद केला. त्यांचा माईक बंद झालेला आम्ही कधी बघितला नव्हता.

पंधरा दिवसांनी एका वाचनालयात तीच कादंबरी दिसली, अख्खी! मी कपाटापाशी उभ्या उभ्याच शेवटची पानं वाचली आणि तिथूनच काकींना फोन लावला.

"काकी, पुस्तक सापडलं! दार कोण उघडतं सांगू?"

 त्यांनी उलट विचारलं, "त्यात ती पाणी मागती का गं?"

"नाही, काकी."

"मग ठीव परत कपाटात."