कोटावर घेतलेला टोप

नवे कपडे घेताना माणूस गप्प असतो, जुने घेताना त्याला वाचा फुटते. म्हणून आमच्या दुकानात कपड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात, आणि त्यांना कसरही लागत नाही!

ठाण्यातलं हे दुकान एवढं ऐसपैस, की आमच्या टोकावड्याचा एसटी स्टँड आत मावेल. माल सगळा जुना, पण जुना म्हणायचं नाही, व्हिंटेज म्हणायचं. मी सेल्सगर्ल म्हणून लागले, तेव्हा मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, बजावलं, "फाटलंय असं म्हणायचं नाही. कॅरेक्टर आहे म्हणायचं!"

त्या हिशेबाने आमच्या गावात केवढं कॅरेक्टर आहे!

*

वैशाखऱ्याच्या माझ्या आत्याला ही नोकरी सांगितली.

"चिंध्या इकाय ठाण्याला जातेस गो?"

पण जरा वेळाने हळूच म्हणाली, "तुज्या मामांचा कोट दिसला तर सांग."

मामा म्हणजे तिचे यजमान. कसाऱ्याला रेल्वेत रुळांच्या कामावर होते. ते गेले, आणि घराची साफसफाई करताना सुनेने त्यांचा कोट बोहारणीला देऊन त्यावर स्टीलचा टोप घेतला. आत्याने तो टोप एकदाही चुलीवर चढू दिला नाही. कोटाचं नाव काढलं की तिचे डोळे भरतात. मला फार वाईट वाटायचं, पण बोहारणीचा माल कुठल्या कुठे जातो, तो कुठे शोधणार?

*

एका तरुणाने अर्धा तास आरशासमोर काढला. पँटचा एक गुडघा पार उघडा. तरी तोंड वाकडं.

"यात अजून थोडं फाटलेलं मिळेल?"

"आमच्याकडे भातलावणीला या. एका दिवसात होईल!"

मॅडमनी डोळे वटारले. त्याने मात्र गावाचं नाव विचारून घेतलं.

*

एका बाईंनी स्वेटर नाकाला लावून डोळे मिटले. "अहाहा! जुन्या काळाचा वास!"

डांबरगोळ्या मी त्याच सकाळी टाकल्या होत्या.

*

एक काका ट्रायलरूममध्ये गेले. स्वतःचा शर्ट त्यांनी बाहेरच्या खुंटीवर टांगला. तेवढ्यात एका मुलीला तो आवडला. कॉलर विरलेली, खिशाला शाईचा डाग. "किती ऑथेंटिक!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझा दंड धरला. "घेऊ दे गं! दहा वर्षं सांगतेय टाका म्हणून!"

काका बाहेर आले, तेव्हा काकू त्या मुलीला शर्ट कसा धुवायचा ते समजावत होत्या.

*

मागच्या महिन्यात नवं गाठोडं फुटलं. मॅडमनी त्यातला एक जाड काळा कोट दारातल्या पुतळ्याला चढवला. कोपरावर हिरव्या लुगड्याचं ठिगळ, कडेने टपोरे पांढरे टाके. ते टाके आत्याचे होते. मी फोन केला.

दुसऱ्या दिवशी ती कापडी पिशवी घेऊन हजर! नेमका तेव्हा एक दाढीवाला तो कोट घालून सेल्फी काढत होता. "हे पॅचवर्क बघ ना!" तो मित्राला सांगत होता.

आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काढ रे बाबा. आमच्या मालकांचा हाय."

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने मुकाट्याने काढला.

आत्या कोट छातीशी धरून काउंटरवर आली आणि पिशवीतून टोप काढून मॅडमसमोर ठेवला.

"आजी, हे काय?"

"कोटावर घेतलेला टोप. घे परत. चुलीवर चढवला नाय, का स्टिकर काढला नाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग त्यांनी गुपचूप कात्री घेऊन कोटाचा टॅग कापला. एवढ्या दिवसांत मॅडम मला पहिल्यांदाच आवडल्या.

"या आता, आजी."

आत्या हलेना. तिने कोट उजेडात धरला, कॉलर तपासली, अस्तर उलटून पाहिलं.

"आमी दिला तवा दोन बटनं जास्त व्हती," ती म्हणाली. "टोप अख्खा घेतलास ना? मंग वर एक वाटी दे!"