सखाराम खडीसाखरवाला

सखाराम माझ्याशी थेट बोलत नसे. माझ्या देखत तो तिसऱ्यालाच सांगे, "त्या कोपरीवाल्याला म्हणावं, दारातून बाजूला हो." मी अंगात कोपरी घालून समोर, हातभर अंतरावर उभा असे.

कल्याणच्या त्या कारखान्यात खडीसाखर होत असे. उकळता पाक हंड्यांत ओतायचा, त्यात दोरे ताणायचे, भोवती भाताचं तूस भरायचं आणि आठ दिवस हंड्याला धक्का लागू द्यायचा नाही. मग दोऱ्यांवर बोराएवढे खडे धरत. हे सगळं सखारामच्या हातात. पाक बोटांत ताणून तो "थांब" म्हणाला की भट्टीवरचे सगळे थांबत.

मला शेटनी मुंबईहून आणवलं ते नव्या लोखंडी हौदासाठी. त्यात दांडा फिरवून पाक ढवळला की निवता निवता बारीक साखर पडे. सखारामने तिची चिमूट उचलली आणि झटकून टाकली. "साखर बसवायची असते. ढवळतात ती पेज. सांगा त्याला." गडी हसले. पुढे वर्षभर मला सगळे पेजवालाच म्हणत.

एका दुपारी तो जेवायला गेला असताना मी हंडे ठेवलेल्या त्याच्या खोलीत शिरलो आणि एकूण एक हंडा गदागदा हलवला.

तो माल देवळाच्या उत्सवासाठी होता. हंडे उघडले तर दोऱ्यांवर नुसता रवा. शेट सगळ्यांसमोर म्हणाले, "सखाराम, तुझा हात गेला. उद्यापासून येऊ नकोस."

सखाराम खाली वाकला. हंड्यांभोवतीचं विस्कटलेलं तूस त्याने पाहिलं. मग पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला, हळू आवाजात.

"हात तू लावलास."

मी पायाने तूस सारखं करू लागलो.

"मी सांगणार नाही. सखारामला स्वतःची खोली राखता आली नाही, हे माझ्या तोंडून कोणी ऐकायचं नाही."

खुंटीवरचं उपरणं घेऊन तो खडवलीला, आपल्या गावी गेला.

सात वर्षांनी तिकडच्या दूधवाल्याकडून तो वारल्याचं कळलं. मला राहवेना. शेटना सगळं सांगितलं.

"तूस मलाही दिसलं होतं," शेट म्हणाले.

"मग त्याला का काढलंत?"

"हौद आणून बसवला होता. सखाराम असेपर्यंत गडी दांड्याला मनापासून हात लावीनात."

मी म्हणालो, "खडवलीला जाऊन येतो."

"जा की. पण त्याच्या बायकोला काय सांगशील?" शेटनी विचारलं आणि पानाला चुना लावू लागले.

मी गेलो नाही.